पाचव्या दिवसाचा चोर सापडला

सापडला! माझं लंबकाचं घड्याळ दोरीला टांगलेल्या वजनावर चालतं, आणि चावी दिल्यावर दर वेळी पाचव्या दिवसाच्या आसपास त्याची वेळ चुकते. त्या चुकीचं मूळ मी शोधत होतो, आणि मी ज्या ज्या भागावर संशय घेतला होता, त्यातला एकही नव्हता.

मागच्या नोंदीत लंबकाची स्टीलची कांडी काढून इन्व्हारची, म्हणजे उष्णतेने फारच कमी वाढणाऱ्या मिश्रधातूची, बसवली होती. स्टीलवर तापमान एक अंशाने वाढलं की घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं, इन्व्हारवर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच. घड्याळ रोज किती मागे-पुढे जातं त्याचा आलेख एरवी छान सपाट झाला, पण पाचव्या दिवसाची खोट तशीच राहिली. चावी दिल्यापासून चौथ्या दिवशी घड्याळ रेंगाळायला लागतं, पाचव्या दिवशी झोका मध्यापासून २ अंशांवरून १.७ वर येतो आणि घड्याळ पुढे पळतं. सातव्या दिवशी सगळं सुरळीत.

झोका लहान झाला की पुढे पळणं समजतं. झोका मोठा असला की लंबकाला जरा जास्त वेळ लागतो, हा चापाचा दोष. तो दिवसाला १.६५ सेकंद गुणिले अंशांचा वर्ग, म्हणजे २ चे १.७ झाले की १.८ सेकंदांची कमाई. पण त्याआधीचं रेंगाळणं कुठून येतं? तेव्हा तर झोका जेमतेम उतरू लागलेला असतो. या एका प्रश्नाने माझे तीन महिने खाल्ले. एस्केपमेंट, म्हणजे लंबकाला दर झोक्याला ढकलणारी दातेरी यंत्रणा, धुतलं. वजनाची दोरी जिच्यावर गुंडाळते त्या ड्रमचा एखादा दात खराब असेल म्हणून तो काढून चार दात पुढे सरकवून बसवला, खोट जागची हलली नाही. लंबक जिच्यावर टांगलेला असतो ती पातळ सस्पेन्शन स्प्रिंग बदलली. (तयार मिळणाऱ्या स्प्रिंग घेऊ नका. तीनपैकी दोन मुळातच मुडपलेल्या निघाल्या. मी आता फटी मोजायच्या फीलर गेजच्या पातळ पट्टीतून कापतो, कितीतरी सरस.)

परवा रात्री पेटीत टॉर्च धरून झोका वाचत होतो. मागच्या फळीवर वजनाची सावली पडली होती आणि ती हलत होती. नखाच्या जाडीएवढीच, पण लंबकाच्या तालात, डावी-उजवी. टेप लावला. वरच्या फळीपासून वजनाच्या मध्यापर्यंत ९८ सेंटीमीटर! सेकंदाचा लंबक ९९.४ चा. दोरीला टांगलेलं वजन हाही एक लंबकच, आणि खाली उतरता उतरता पाचव्या दिवशी तो खऱ्या लंबकाशी सूर जुळवतो. पेटी किंचित हलते, त्या वाटेने झोक्यातली ऊर्जा वजनाकडे जाते. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६६५ मध्ये एकाच आधारावरच्या दोन घड्याळांचे लंबक अर्ध्या तासात परस्परविरुद्ध लयीत आलेले पाहिले, त्याच घराण्यातला हा प्रकार.

रेंगाळण्याचं उत्तरही यातच आहे. दोरी आखूड असते तोवर वजनाची स्वतःची लय लंबकापेक्षा जलद असते. जोडलेल्या दोन दोलकांच्या लयी जवळ आल्या की एकमेकींना दूर ढकलतात, म्हणून लंबक मंदावतो. दोरी लांब झाली की बाजू पालटते आणि लंबक जलद होतो. आधी मागे, मग पुढे. तापमानाने किंवा खराब दाताने हा क्रम दर आठवड्याला नेमका असाच येणं अवघड.

तरी खात्री हवी होती. वजन दुसऱ्या दिवसाच्या उंचीवर असताना पेटीच्या वरच्या फळीला तेवढंच दुसरं वजन टांगलं, यंत्राशी काही संबंध नसलेलं, दोरी ९९ सेंटीमीटरची. हाताने पूर्ण शांत केलं आणि बाजूला झालो. थोड्या वेळाने ते आपलं आपण झुलू लागलं! मी अक्षरशः जमिनीवर बसून बघत राहिलो. मग दोरी ९४ पासून १०४ पर्यंत वाढवत नेली, तर जीपीएस रिसीव्हरकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या अचूक ठोक्याशी ताडलेल्या आलेखात तोच नागमोडी बाक उमटला. मोबाइलच्या माइकवाल्या अ‍ॅपवर हा बाक मला कधीच दिसला नसता, त्यात आवाजाचाच गोंधळ फार.

आता उपाय. पेटीच्या पाठीला आडवी जाड पट्टी ठोकून चार स्क्रूंनी भिंतीत आवळायचं ठरवलं होतं. हे लिहिताना मात्र वाटतंय, पट्टीची घाई कशाला? ते मोकळं वजन म्हणजे पेटी किती हलते हे सांगणारं आयतं मापक आहे. ते ९९ वर टांगलेलंच ठेवतो आणि एकेक स्क्रू आवळत त्याचा झोका मोजतो. ज्या स्क्रूने तो सर्वात जास्त घटेल, तिथेच पेटी ढिली. पट्टी लागलीच तर तिथे लावेन. आज वरचा डावा स्क्रू अर्धा फेरा आवळलाय, सावली अजून हलतेय, पण आता डोळे बारीक करून बघावी लागते.