पोटखराब्यातले अकरा गुंठे

पुण्याच्या पश्चिमेला, २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी एका गावातली साडेतीन एकर जागा. खाली दुकानं, वर ऑफिसं, दोन मजली बेसमेंट. एकूण बांधकाम सुमारे ३४ हजार चौरस मीटर. वीस हजार चौरस मीटर ओलांडले की २००६ च्या केंद्रीय पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, म्हणून जागेची पाहणी आमच्याकडे आली. झोन दाखला निवासी, पण समोर रुंद रस्ता असल्याने व्यापारी वापर नियमात बसत होता. नदीच्या निळ्या-लाल पूररेषा लांब. जमीन सपाट. विकसकाच्या लेखी ही पाहणी नुसता सोपस्कार होता.

अडलं सातबाऱ्यावर. ‘पोटखराबा वर्ग (ब) – ०.११ हेक्टर’ अशी नोंद होती. वर्ग (अ) म्हणजे खडकाळ, पिकाला निरुपयोगी तुकडा. त्याची फारशी काळजी नसते. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेला. रस्ता तर गटाच्या बाहेरून जात होता. भूमी अभिलेखकडून गाव नकाशा काढला, तेव्हा ओढ्याची दुहेरी रेघ गटातून तिरपी गेलेली दिसली. जागेवर मात्र ओढ्याचा मागमूस नाही.

अशा वेळी प्लॉटमध्ये शिरण्याआधी वरच्या अंगाचा रस्ता चालत जावा. ओढा बुजवणारे सगळं सपाट करतात, पण रस्त्याखालची मोरी उखडायला कुणी जात नाही. इथे दोन गाळ्यांची दगडी मोरी शाबूत होती आणि तिच्या खालच्या तोंडाशी विटा-मातीचा ढीग होता. तिथून पुढे एका रेषेत उंबर आणि करंज. करंजाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो. इथली खोडं विजेच्या खांबासारखी सरळ मातीत घुसली होती आणि फांद्यांचा पहिला फाटा गुडघ्याएवढ्या उंचीवर आला होता. म्हणजे भराव दोन मीटरच्या आत नाही.

विकसकाकडे आधीचा माती-परीक्षण अहवाल होता. अडीच मीटरवर ‘रिफ्यूजल’, म्हणजे ठोके मारूनही नळी आत जात नाही. पुढे ‘कठीण खडक’. राडारोड्यात हा धोका नेहमीचा. नळी काँक्रीटच्या तुकड्यावर अडली तरी ठोक्यांचा आकडा ५० च्या वर जातो. काँक्रीटमधली खडीही इथल्या खडकासारखी बेसाल्टचीच (काळ्या पाषाणाची), त्यामुळे धुळीने माखलेला कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेला दगडाचा नळकांडीसारखा तुकडा, घाईत पाहिला तर फसवतो. आम्ही कोअरच्या पेट्या मागवून तुकडे पाण्याने धुतले. एकाच्या कडेला सळईचा गोल, गंजका काप दिसला. बेसाल्टमध्ये सळई असत नाही!

मग झाडांची रेघ आडवी कापत जेसीबीने चाचणी-खड्डे घेतले. कडेच्या खड्ड्यांत दीड मीटरवर पिवळा मुरूम. मधल्यात साडेतीन मीटरपर्यंत फरशा, विटा, प्लास्टिक. खाली काळा, वासाचा गाळ, आणि बघता बघता तळाला पाणी. तेही मे महिन्यात. ओढा वरून बुजला होता, आतून वाहत होता. बेसमेंटचा खड्डा त्याला आडवा आला असता तर भिंतीमागे पाण्याचा दाब वाढत जातो, राडारोड्याची उभी बाजू पहिल्याच पावसात ढासळते आणि पंप कायमचा गळ्यात पडतो.

पाण्याचा हिशेबही मांडला. मोरीच्या वरचं पाणलोट ४० हेक्टर, पावसाचा वेग तासाला ९० मिलिमीटर, वाहून जाण्याचा गुणांक ०.६ धरला, तिन्हींचा गुणाकार भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ६ घनमीटर. वरच्या टेकडीच्या पायथ्याशी अजून बरीच शेतं आहेत. तिथे काँक्रीट आलं की गुणांक चढणार. आणि खालच्या शेजाऱ्याने ओढ्याच्या जागी टाकलाय ९०० मिलिमीटर व्यासाचा एक ह्यूम (सिमेंट काँक्रीटचा) पाइप. १:२०० उताराला तो पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला जेमतेम १.३ घनमीटर. उरलेलं पाणी कुठे जातं, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या लोकांनी पाहिलं आहे.

अहवालात आम्ही लिहिलं: ओढा मूळ रेषेत उघडा करावा, ३ मीटर रुंद, दगडी पिचिंगचा (दगड बसवलेला), पाण्याची खोली १.२ मीटर आणि वर अर्धा मीटर मोकळा. बेसमेंट त्या पट्ट्याबाहेर. राडारोडा पुन्हा कुणाच्या ओढ्यात न टाकता प्रक्रिया प्रकल्पाकडे, ट्रकनिहाय पावत्यांसह. पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायची नळी) बसवून पावसाळ्याआधीची आणि नंतरची पाणीपातळी घ्यावी, तोवर पायाचं डिझाइन पक्कं करू नये.

आर्किटेक्टने पार्किंगचा एक मजला वर नेला आणि ओढ्याचा पट्टा मोकळ्या जागेत दाखवला. विकसक चडफडला, पण खोदकामाचा खर्च मांडल्यावर गप्प बसला. शेजाऱ्याचा पाइप मात्र अजून तिथेच आहे. तो बदलल्याशिवाय वरचा उघडा ओढा फक्त पाणी आणून तुंबवणार, म्हणून पर्यावरण मंजुरीच्या अर्जाबरोबरच महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे त्या पाइपाबद्दल स्वतंत्र पत्र, गाव नकाशा आणि वरचा हिशेब जोडून, गेलं आहे.