आमची वाटचाल : फिकट पिवळ्या नळीचं प्रकरण

साताऱ्यात गाईच्या दुधाचा रतीब सुरू केला तेव्हा चार किटल्या, सायकली आणि वडिलांचा लॅक्टोमीटर एवढंच भांडवल होतं. पहाटेचं संकलन मावसभावाकडे, गिऱ्हाईक माझ्याकडे. पुढे बल्क कूलर आला, फॅट मोजायला गर्बरचं यंत्र आलं. ती वर्षं सुरळीत गेली. सांगायचं आहे ते त्या व्हिडिओबद्दल.

गावात नव्याने आलेल्या एका डेअरीच्या विक्रेत्याने आमचं दूध नळीत घेतलं, त्यात डीएमएबी या युरिया ओळखायच्या रसायनाचं द्रावण ओतलं आणि नळी फिकट पिवळी झाल्यावर ‘हे बघा, युरिया!’ म्हणून चित्रीकरण केलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर.

अहो, दुधात युरिया मुळातच असतो! एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादाच 700 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 700 भाग आहे. तेवढ्याने फिकट पिवळा रंग येतोच. गडद आला तर वरून घातलेला. घालतात तेही पाणी लपवायला, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, कमी झालेला दिसू नये म्हणून. धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या विक्रेत्याला ठाऊक नव्हतं, हे मला कधीच पटणार नाही.

रतीब धडाधड बंद झाले. गाई काही दूध द्यायच्या थांबत नाहीत. संकलन रोजचं तेवढंच. उरलेलं दूध पडेल भावाने खव्याच्या भट्टीवर गेलं. शेतकऱ्यांचा दहा दिवसांचा पगार मात्र एकदाही चुकू दिला नाही. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

मावसभाऊ म्हणाला, ‘आमच्या दुधात युरिया नाही’ असं हँडबिल वाटू. मी म्हटलं, ज्यांच्या कानावर गेलं नाही त्यांनाही आपणच सांगायचं का? त्याऐवजी रविवारी दुकानापुढे टेबल मांडलं, स्थानिक दैनिकांच्या बातमीदारांना बोलावलं, गाय आणून सगळ्यांसमोर धार काढली. पहिल्या नळीत ती धार, दुसरीत आमचं रतिबाचं दूध, तिसरीत त्याच धारेत चिमूटभर युरिया. पाच मिली दूध, पाच मिली द्रावण.

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी रतीब कधीच तोडला नाही. ‘तू बाजूला हो, मी घालते,’ म्हणत त्यांनी पिपेट हातात घेतली. पहिल्या दोन्ही नळ्या सारख्याच फिकट, तिसरी हळदीसारखी. मग बाईंनी पिशवीतून त्या नव्या डेअरीचं दूध काढलं. चौथी नळीही फिकट पिवळीच! ‘मग यातही युरिया घातलाय म्हणायचं का?’ बाईंनी गर्दीला विचारलं. त्यांचंही दूध चोख आहे, हे मी तिथेच सर्वांना सांगितलं.

नव्या धंदेवाल्यांनो, खुलासे लिहीत बसू नका, करून दाखवा, आणि हात गिऱ्हाइकाचा असू द्या. रतीब घालणाऱ्या पोरांना सगळ्यात आधी समजावून सांगा, कारण दारात प्रश्न त्यांनाच विचारतात. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल दर्शनी भिंतीवर लावा, रोजचे फॅट-एसएनएफ फळ्यावर लिहा, आणि हे सगळं अफवा उठायच्या आधीपासून करा.

बहुतेक घरं परत आली, पाटल्याही सुटल्या. त्या विक्रेत्याने माफीचा एक शब्द काढला नाही. व्हिडिओ अजून कुठल्या तरी ग्रुपवर उगवतो. कोणी पाठवला तर मी एवढंच कळवतो: रविवारी सकाळी सातला या, हवं त्या डेअरीचं दूध आणा, द्रावण आमचं.