झाकणाच्या आतली बाजू

9 नोव्हेंबर, रविवार

आज वाईहून रोडकिंग आणली. छोट्या हत्ती टेम्पोच्या हौदात उभी करून चारही बाजूंनी दोर ताणले आणि सातारा येईपर्यंत हँडल धरून मी मागेच बसले. 1983ची येझदी रोडकिंग मोटरसायकल, अडीचशे सीसी, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. नऊ वर्षं गोठ्याच्या पडवीत उभी होती. टाकीत पेट्रोल उरलं नव्हतं, तळाला राळेसारखा चिकट थर होता. मागचा टायर रिमला धरून बसलेला. पण किक दाबल्यावर ती पायाखाली सरकली. इंजिन जाम नव्हतं. तेवढ्या भरवशावर मी पैसे मोजले.

गाडी काकांची. ते हायस्कुलात ड्रॉईंग शिकवायचे. दिवाळीची सुट्टी लागली की ते आणि काकू याच गाडीवर निघायचे. गाणगापूर, हंपी, एकदा गोकर्ण. काका गेल्यावर गाडीला कुणी हात लावला नाही. भंगारवाले दोनदा येऊन गेले, काकूंनी दिली नाही. मला त्यांनी एकच विचारलं, "चालवणार ना? का नुसती पुसून ठेवणार?"

"चालवणार काकू. म्हैसूरला नेणार."

"मग ने."

म्हैसूर का, ते मी त्यांना सांगितलं नाही, पण इथे लिहिते. ही गाडी तिथली आहे. 1961 साली म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. आधी जावा, 1973पासून येझदी हे नाव, 1978मध्ये रोडकिंग, आणि 1996ला कारखान्याला कुलूप. माझ्या घरासमोर उभी असलेली ही गाडी तिथून एकदा बाहेर पडली, ती परत त्या रस्त्याला गेलेली नाही. मला तिला तिथवर तिच्याच इंजिनावर न्यायचंय.

16 नोव्हेंबर

दिवसभर खोलाखोल. प्रत्येक नट-बोल्ट ज्या जागेचा त्या जागेच्या नावाने पिशवीत. दिवसभर ऑफिसात मी मशिनच्या भागांची ड्रॉईंग काढते, त्यामुळे ही शिस्त अंगात आहे.

संध्याकाळी हत्यारांच्या पेटीचं झाकण काढलं, आणि उलटं करून बघितलं तर आतल्या बाजूला ऑइल पेंटने, बारीक ब्रशने लिहिलेले आकडे. ओळीखाली ओळ. काकांचं अक्षर. ड्रॉईंग मास्तरांचं अक्षर ते, गंजातसुद्धा ओळ सरळ. डावीकडे किलोमीटर, उजवीकडे काम. "सायलेन्सर जाळले." "पॉइंट बदलले." "चेन." "डावे सील." मध्येच "गोकर्ण", त्यापुढे काही नाही. आणि 41,200पुढे "बोअर, दुसरा साइझ".

ही शेवटची नोंद माझ्यासाठी सोन्याची. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापून पाव मिलिमीटर जाड पिस्टन घालतात. म्हणजे हा सिलिंडर दोनदा कापलेला आहे हे मला मोजायच्या आधीच कळलं. आणखी एक कळलं. दर अडीच-तीन हजार किलोमीटरला त्यांनी सायलेन्सर जाळलेत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी सायलेन्सरच्या जाळीत बसत जाते आणि गाडीचा श्वास कोंडतो. हे करायला बरेच जण कंटाळतात. काका कंटाळले नव्हते.

झाकण बाजूला, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं. त्याला पॉलिश पेपर लागणार नाही.

30 नोव्हेंबर

उस्तादांकडे क्रँक उघडला. उस्ताद सदुसष्ट वर्षांचे, चाळीस वर्षं जावा-येझदीच करतात. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवला आणि म्हणाले, "ताई, खेळ आहे. बिगेंड गेला." बिगेंड म्हणजे रॉडचं खालचं, क्रँकवरचं बेअरिंग; खेळ म्हणजे त्यातला सैलपणा. मला जाणवतसुद्धा नव्हता तो. त्यांनी माझी बोटं धरून रॉडवर ठेवली, परत हलवला, तेव्हा एक अगदी हलका टक् लागला.

दोन्ही बाजूंची ऑइल सीलं पापडासारखी कडक झालेली. या इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पिस्टन खाली येताना तीच पेटी पेट्रोल-हवेचं मिश्रण वर ढकलते. सील गेलं की एका बाजूने हवा ओढते, दुसऱ्या बाजूने गिअरचं ऑइल ओढते, मग मागे पांढऱ्या धुराचा लोट. गाडी विकताना लोक "जरा धूर देते" म्हणतात, तो बऱ्याचदा या सीलांचा असतो.

14 डिसेंबर

शनिवारी पुण्यात नाना पेठ, रात्री मावशीकडे मुक्काम, आज सकाळी जुना बाजार. रॉड किट, सीलं, पॉइंट, कंडेन्सर, केबली, पिस्टन मिळाले. पिस्टन डब्यात जुना, आत मात्र नवाकोरा, तेलकागदात गुंडाळलेला. एका दुकानात पोरगा म्हणाला, "मॅडम, येझदी तर आता परत चालू झाली, तिचे पार्ट मिळतात." हो, 2018ला जावा आणि 2022च्या जानेवारीत येझदी हे नाव परत बाजारात आलं. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा एक वॉशरही या इंजिनाला लागत नाही. नाव परत आलं याचा मला आनंदच आहे. माझा शोध मात्र जुन्या बाजाराच्या फुटपाथवरच चालतो.

4 जानेवारी

काय बदलायचं आणि काय नाही, यावर गेले तीन आठवडे माझं मन एका जागी बसत नव्हतं. आज वहीत दोन रकाने करून बसले आणि रकाने मोडून टाकले. एकच प्रश्न पुरला: हे म्हैसूरच्या वाटेवर लागेल का?

दिवा लागेल. सहा व्होल्टचा दिवा रात्री हायवेवर काजव्यासारखा दिसतो. म्हणून डायनॅमो तोच ठेवून त्यावर बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, नवी बॅटरी, नवी कॉइल, एलईडी बल्ब. मंद चालीत चार्जिंग कमी पडतं, हायवेला पुरतं. पेट्रोलची नळी नवी, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि तुकडे कार्बोरेटरमध्ये उतरतात. मागे कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना पिशव्यांचे आधार, मी ड्रॉईंग काढलं आणि आमच्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलं, चेसीला एकही वेल्ड न मारता, आहेत त्या बोल्टांवर. सीट उंच आणि रुंद, जाड फोम टाकून. आठ तास बसायचं आहे.

चेसी कापायची नाही. कायद्यानेही नाही, मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमात कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि मला तसंही करायचं नव्हतं. रंग आरसी बुकात आहे तोच. बेचाळीस वर्षांची गाडी, लोक व्हिंटेज म्हणतात, पण 2021च्या नियमाने ती नोंद पन्नास वर्षांनंतर मिळते आणि मिळाल्यावर रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मला तसली गाडी नकोच. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय. नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली, हाताने रंगवलेली तीन अक्षरी जुनी पाटी माझ्या टेबलावर आहे. तीही बहुतेक काकांनीच रंगवलेली, "8"ची वळणं झाकणावरच्यासारखीच आहेत.

टाकी रंगवली नाही. दोन्ही बाजूंना गुडघे घासून रंग उडालाय, खाली पत्रा दिसतो. आतून गंज काढला, धुतली, बाहेरून फक्त मेण.

25 जानेवारी

चालू झाली!

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ती वेळ, लावायला दोन तास गेले. उजवं कव्हर काढलं, आत डायनॅमो आणि त्याच्या बाजूला पॉइंट. प्लगच्या भोकातून डेप्थ गेज सोडून पिस्टनचा वरचा टोकाचा बिंदू धरला, मग चाक मागे फिरवत नेलं. उस्तादांनी सिगारेटच्या कागदाची पट्टी पॉइंटांच्या फटीत अडकवली आणि तिचं टोक माझ्या चिमटीत दिलं. "ओढू नका. फक्त ताण ठेवा." त्यांनी पान्याने चाक केसभर केसभर पुढे आणलं. कागद धरलेला, धरलेला, धरलेला, आणि मग काहीच आवाज न होता तो माझ्या बोटात सुटून आला. पॉइंट उघडतात तो क्षण तो. ठिणगी तिथे पडते. त्या क्षणी पिस्टन वरून किती खाली आहे ते बघायचं, आकडा जुळेपर्यंत प्लेट सरकवायची. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी उस्ताद नुसते हसले.

गिअरचाच दांडा आत दाबून मागे फिरवला की तो किक होतो. तिसऱ्या किकला निळा धूर, आणि दोन सायलेन्सरांतून तो आवाज. शेजारचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिले आणि गाडी बंद होईपर्यंत आत गेले नाहीत.

8 फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

पुण्याहून परतताना खंबाटकीचा चढ. तिसरा गिअर, पन्नासच्या खालीच. एकदम गाडीने दम टाकला, आवाज कोरडा झाला, आणि मागचं चाक घसटलं. मी क्लच दाबला तोवर इंजिन थांबलं होतं. सीझ, पिस्टन सिलिंडरला धरून बसला. कडेला घेऊन उभी राहिले, ट्रक अंगाला वारा घालत जात होते. सिलिंडरला हात लावता येत नव्हता.

टेम्पोने घरी, रात्रीच हेड उघडलं. पिस्टनच्या चार जागांवर उभे ओरखडे, सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियमचा करडा लेप. चारही बाजूंना सारखं धरलं म्हणजे ऑइल कमी पडलेलं नाही, फट कमी पडलीय. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, म्हणून दोघांत काही शतांश मिलिमीटरची फट सोडावीच लागते. ज्या बोअरवाल्याकडे काम दिलं होतं त्याने ती सोडली नव्हती, आणि खालच्या बाजूला सिलिंडर आणखी अरुंद होता. बोअर गेज घालून मी मोजलं तेव्हा दिसलं. हे मी महिन्यापूर्वी, जोडायच्या आधी मोजायला हवं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉईंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिणारी मी, माझ्या स्वतःच्या कामाला गेज लावलं नाही. आज याचं फार वाईट वाटतंय.

22 फेब्रुवारी

दुसऱ्या माणसाकडे सिलिंडर, आणि या वेळी मी मशिनपाशी उभी. पिस्टन आधी त्याच्या हातात दिला, त्याने मायक्रोमीटर लावून मोजला, मग त्या मापाने कापलं, शेवटी होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं. वर, मध्ये, खाली, आडवं-उभं अशी सहा मापं मी घेतली. चौथा साइझ लागला. यापुढे फार वाव नाही.

नव्या पिस्टनचं रनिंग, म्हणजे हळू चालवून तो बसवणं, परत पहिल्यापासून. लिटरला पन्नास मिली ऑइल, पुढे चाळीसवर येईन. पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही. रोज संध्याकाळी लिंबखिंडीपर्यंत जाऊन येते.

15 मार्च

आज वाईला काकूंकडे. आवाज कोपऱ्यावरूनच ओळखला असावा, मी पोचले तेव्हा त्या फाटकात उभ्या होत्या. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवर, जिथे पत्रा दिसतो तिथे, तळहात ठेवला. मग झाकण उघडून दाखवलं. हे आकडे त्यांनी कधी बघितले नव्हते. चष्मा आणून सगळ्या ओळी वाचल्या, "गोकर्ण"पाशी थांबल्या.

"गोकर्णाला जाताना आंबोलीचा घाट उतरलो," म्हणाल्या. "उतारावर हे मधूनमधून उगाच रेस द्यायचे. घुर्रर्र, परत बंद, घुर्रर्र, परत बंद. मला लाज वाटायची. एवढे मास्तर, आणि कॉलेजच्या पोरांसारखं काय! मी पाठीत चिमटे काढायचे."

मी त्यांना सांगितलं. या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवला की पेट्रोल जवळपास थांबतं, म्हणजे ऑइलही थांबतं, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतच राहतं, कोरडं. म्हणून मध्येमध्ये ॲक्सिलरेटर उघडून त्याला घोट द्यायचा. काका इंजिनाला ऑइल पाजत होते.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "मग सांगायचं की," असं हळू म्हणाल्या, मला नव्हे.

मग म्हणाल्या, मेणवलीपर्यंत ने. साडीचा पदर खोचून त्या आल्या, फूटरेस्टवर पाय ठेवला, सीटवर हात ठेवला, आणि चढता येईना. दोनदा बघितलं. मी जाड फोम टाकून सीट वर नेलीय, माझ्या पायांच्या हिशोबाने, माझ्या आठ तासांच्या हिशोबाने. मागे बसणारं माणूस माझ्या ड्रॉईंगमध्ये नव्हतंच. "राहू दे गं, गुडघे राहिले नाहीत आता," त्या म्हणाल्या. पण याच गाडीवर त्या हंपीला गेल्या होत्या.

येताना थेट सीटवाल्याकडे गेले. रविवार असूनही दुकान उघडं होतं. मागच्या अर्ध्या भागाचा दोन इंच फोम काढायला सांगितला, आणि कॅरिअरचा पुढचा दांडा अंगठाभर मागे घ्यायचाय, तो मी उद्या फॅब्रिकेटरला कळवते. सीट गुरुवारी मिळेल. रविवारी परत वाई.