स्वीडनमध्ये नववीनंतरचं अ‍ॅडमिशन, आमचा अनुभव

मुलगा स्टॉकहोमच्या शाळेत नववीला होता. नववी झाली की इथे तीन वर्षांचं जिम्नासियम, म्हणजे आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखं, त्यात नॅशनल प्रोग्रॅम 18, पैकी 12 व्होकेशनल आणि 6 युनिव्हर्सिटीच्या तयारीचे. आमच्या घरी नॅचरल सायन्स कधीच ठरलं होतं, फक्त मुलाला विचारायचं राहिलं होतं.

शाळेत गायडन्स देणारा जाणकार माणूस मिळालाच पाहिजे असा कायदाच आहे, फी वगैरे काही नाही, पण आमची कौन्सेलर दोन शाळा सांभाळायची त्यामुळे अपॉइंटमेंट आधीच धरून ठेवावी लागली. आम्ही दोघंही गेलो, बाई बोलत होती मात्र मुलाशीच. मी मध्ये तोंड घातलं की हसून ऐकून घ्यायची आणि परत त्याच्याकडेच वळायची. आठवीत त्याची प्राओ झाली होती, म्हणजे सगळ्या मुलांना किमान 10 दिवस कुठेतरी कामाच्या ठिकाणी पाठवतात ते, हा सायकल रिपेअरच्या दुकानात होता. तिने विचारलं, तिथे कंटाळा कधी आला? तर म्हणे काउंटरवर, गियर खोलताना नाही. हे त्याने आम्हाला घरी कधी सांगितलं नव्हतं बरं का!

मग तिने कागदावर गणित मांडलं. व्होकेशनलला स्वीडिश, इंग्लिश, गणित धरून 8 विषय पास लागतात, बाकीच्यांना 12. सगळ्यात चांगल्या 16 ग्रेड मोजतात, ए ला 20, ई ला 10, स्पॅनिशसारखी परकीय भाषा असेल तर तिची ग्रेड सतरावी म्हणून वर धरतात, म्हणजे जास्तीत जास्त 340. व्होकेशनल घेतलं की युनिव्हर्सिटी बंद अशी माझी भीती होती, पण 2023 पासून तिथेही बेसिक पात्रतेचे विषय आधीच धरलेले असतात, नको असतील तर सोडता येतात. एवढं सगळं सांगितलं पण काय घे ते शेवटपर्यंत नाही सांगितलं, मला तेव्हा रागच आला होता, फॉर्मची तारीख डोक्यावर आणि ही बाई प्रश्नच विचारतेय.

त्याने टेक्निक, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या तयारीतलाच तंत्रज्ञानाचा प्रोग्रॅम, पहिला चॉइस म्हणून टाकलं. एप्रिलमध्ये अ‍ॅडमिशनची प्रिलिमिनरी यादी लागते ती नववीच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडवर, नंतर चॉइस बदलायला वेळ देतात, फायनल जूनच्या ग्रेडवर. तेव्हा घाबरून सेफ शाळा वर घेऊ नका, पॉइंट पुरतात त्यातला सगळ्यात वरचा चॉइसच मिळतो. आम्ही क्रम तसाच ठेवला आणि टेक्निकच मिळालं.