टाहोला पोहायला उतरायचं कुठे?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण चार दिवस लेक टाहोला राहून आलो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक. बाबा आणि नात या दोघांची मागणी एकच होती: रोज पोहायचं. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं हे तळं १,८९७ मीटर उंचीवर आहे आणि त्याचा काठ ७२ मैलांचा. एवढ्या काठावर पाण्यात उतरायला जागा शोधत फिरावं लागेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

मुक्काम उत्तरेला इन्क्लाइन व्हिलेजमध्ये होता. घराच्या जाहिरातीत ‘बीच दोन मिनिटांवर’ असं लिहिलेलं, आणि बीच खरोखरच दोन मिनिटांवर निघाला. फाटकावरच्या मुलाने पास मागितला. लेक कमरेला फुगवलेली रिंग अडकवून, चष्मा डोळ्यांवर चढवून तयार उभी. पास कुठला? इन्क्लाइन बीच, बर्न्ट सीडर आणि स्की बीच हे तिन्ही किनारे १९६८ च्या करारानुसार तिथल्या मालमत्ताधारकांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी राखीव आहेत. घरमालकाला मेसेज केला तर उत्तर आलं की पास घराबरोबर येत नाही. जाहिरातीत तो येतो असं म्हटलेलंही नव्हतं, म्हणजे भांडायलाही जागा नाही. इथे घर घेणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: पास मिळणार का, आणि किती जणांचा? उत्तर लेखी घ्या.

मग काठाकाठाने गाडी हाकत निघालो. जिथे तिथे ‘खाजगी’च्या पाट्या. यातली कायद्याची बाजू मला फारच रंजक वाटली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये असा निकाल दिला की पाण्याची नीचतम आणि उच्चतम रेषा यांच्यामधल्या पट्ट्यावर जनतेचा हक्क आहे. टाहोपुरतं बोलायचं तर समुद्रसपाटीपासून ६,२२३ फूट ते ६,२२८.७५ फूट. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बाजूला कुणाच्या बंगल्यासमोरच्या त्या ओल्या पट्ट्यावरून तुम्ही चालू शकता, फक्त तिथे पोचायला त्याच्या अंगणातून जाता येत नाही. नेवाडात खाजगी मालकी थेट ६,२२३ फुटांपर्यंत खाली जाते, त्यामुळे तिथे हा डाव चालत नाही. आम्ही अर्थातच नेवाडात होतो.

दुपारी पूर्व काठावरच्या सँड हार्बर या नेवाडाच्या सरकारी उद्यानातल्या किनाऱ्यावर गेलो तर पार्किंग भरलेलं. हायवेवर गाडी लावून चालत आत जाऊ देत नाहीत, त्यामुळे तो दिवस वाया गेला. तिथे उन्हाळ्यात सकाळच्या वेळेसाठी आरक्षणाची पद्धतही आली आहे. निघण्याआधी नेवाडा स्टेट पार्क्सच्या संकेतस्थळावर चालू नियम बघून घ्या. दुसऱ्या दिवशी आठच्या आत पोचलो आणि आदल्या दिवसाचा सगळा राग गेला. पांढरट ग्रॅनाइटचे हत्तीएवढे गोलसर धोंडे, त्यांच्यामधून वाळूची तळी, आणि पाणी इतकं नितळ की गळाभर पाण्यात उभं राहून पायाची बोटं मोजता येतात. सकाळी पाणी स्थिर असतं, दुपारी वारा सुटतो. पोहून घ्या आणि वारा सुटायच्या आत निघा. काचेच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. धोंड्यांवरून पाय घसरतो, रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. इन्क्लाइनहून सँड हार्बरपर्यंत २०१९ पासून पाण्याच्या कडेने सुमारे पाच किलोमीटरची पक्की पायवाटही आहे. तिच्यावर हिडन बीच लागतो. चालायची तयारी असेल तर तो छान.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या मीक्स बेला गेलो. वाळू सुंदर, उतार मंद, मुलांसाठी अगदी योग्य. पण पाणी? घोट्यापर्यंत उतरले आणि हाडं दुखायला लागली. आदल्या दिवशी सँड हार्बरला आम्ही अर्धा तास डुंबलो होतो, मग आज हे काय? दोन दिवस नैर्ऋत्येचा जोरदार वारा होता. तो वरचं तापलेलं पाणी पूर्व काठाकडे ढकलतो आणि पश्चिमेला खोलातलं गार पाणी वर येतं. मी हे वाचून दाखवेपर्यंत बाबा म्हणाले, “अगं, विहिरीत सूर मारला की खाली कसं एकदम गार लागतं? तेच पाणी वर आलंय.” विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला हे वाचायची गरज नव्हती. या विहिरीची खोली मात्र ५०१ मीटर आहे. एवढ्या खोलीमुळेच हे तळं हिवाळ्यातही गोठत नाही आणि उन्हाळ्यात लवकर तापत नाही. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये वरचं पाणी साधारण १८ ते २० अंशांवर येतं. जूनमध्ये खूपच गार असतं. म्हणून अशा वाऱ्यानंतरच्या दिवशी पूर्व काठ निवडा. आणि कुठेही पहिल्यांदा उडी मारून उतरू नका. गार पाण्याने श्वास एकदम आत ओढला जातो, चांगल्या पोहणाऱ्याचाही. लेकीचे ओठ निळसर दिसले की आम्ही तिला रडारड ऐकत बाहेर काढत होतो.

दक्षिणेला पोप, बाल्डविन आणि नेवाडा बीच हे वन खात्याचे किनारे आहेत, लांबवर उथळ. लहान मुलं असतील तर सरळ तिकडेच मुक्काम करा, आमच्यासारखं उत्तरेला जाऊ नका. पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) घेणार असाल तर कायद्याने ती बोट ठरते: लाइफ जॅकेट सोबत हवं, आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर हवं.

शेवटच्या सकाळी परतीच्या वाटेवर ट्रकी गावाजवळच्या डॉनर लेक या दुसऱ्या तळ्यावर थांबलो, आणि सगळ्यांत जास्त मजा तिथे आली. डॉनर पास रोडलगत उत्तर काठावर ३७ सार्वजनिक लाकडी धक्के आहेत. रस्त्याकडेला जागा मिळेल तिथे गाडी लावायची, रिकामा धक्का दिसला की टॉवेल टाकायचा. जो आधी येईल त्याचा. फाटक नाही, पास नाही. धक्क्याच्या टोकाशी पाणी खोल आहे आणि जीवरक्षक नाही, म्हणून पोहता न येणाऱ्यांनी पश्चिम टोकाच्या वेस्ट एंड बीचवर जावं. तिथे प्रवेश फी आहे. आम्ही गेलो तो धक्का नऊला रिकामा होता आणि साडेदहाला त्यावर तीन कुटुंबं होती. बाबा शिडीने उतरले, छातीवर पाणी मारून घेतलं आणि मगच नातीला “ये” म्हणाले.