हजेरीपटातले ७८ दिवस

आमच्या भोजनालयात गल्ल्यामागच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यातल्या १५ जुलै या तारखेभोवती मी दरवर्षी लाल शाईने गोल करतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाटते, की त्या दिवशी घरात कुणाचा तरी वाढदिवस असावा. प्रत्यक्षात १५ जुलै ते ३० सप्टेंबर हे बरोबर ७८ दिवस होतात आणि कामगार विम्याच्या हिशेबात या ७८ ला फार मोल आहे. ते मोल मला एका माणसाच्या काविळीने शिकवले. मात्र त्या काविळीकडे येण्याआधी मी या विम्यात शिरलो कसा, ते सांगायला हवे.

नागपूरच्या महाल भागात आमचे सावजी भोजनालय आहे. भट्टीपासून भांड्यांपर्यंत सगळी मिळून तेरा माणसे कामाला असतात. २०१७ च्या दिवाळीआधी एके दिवशी सकाळी रश्श्याचा गंज उतरवताना एका वीस वर्षांच्या मुलाच्या हातातले फडके निसटले आणि उकळती तर्री त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत सांडली. खासगी दवाखान्यात तो नऊ दिवस होता आणि ५८,००० रुपयांचे बिल मी भरले. बिलाचे मला फारसे वाटले नाही. परंतु त्याच्या वडिलांनी गल्ल्यासमोर उभे राहून मला हात जोडले, तेव्हा लाज वाटली, कारण जे त्या पोराला हक्काने मिळायला हवे होते, ते मी मेहरबानी केल्यासारखे देत होतो. कामावर झालेल्या इजेसाठी कामगार विम्यात आधी अमुक दिवस भरलेले असावेत अशी अट नसते आणि काम करता येत नाही तोवर मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हते.

ठाऊक नव्हते, याचे कारण आमच्या तेव्हाच्या सल्लागाराने वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकवले होते, की वीस माणसे होत नाहीत तोवर आपल्याला ईएसआय, म्हणजे हा कामगार विमा, लागत नाही. दुकाने आणि हॉटेलांसाठी महाराष्ट्रात वीसचा आकडा होता हे खरे. पण कारखान्यासाठी तो दहाचा होता, आणि खानावळीचे स्वयंपाकघर हे दुकान की कारखाना, हा वाद न्यायालयांत फार पूर्वीच होऊन गेलेला आहे. मुंबईतल्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले, की विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या स्वयंपाकघरात अन्न शिजवणे ही उत्पादनप्रक्रियाच आहे आणि स्वयंपाकघर हा हॉटेलचाच भाग असल्यामुळे सगळे हॉटेल कायद्याखाली येते. (स्वयंपाकघर म्हणजे कारखाना असतो, हे आमच्या घरातल्या बायका न्यायालयाच्याही आधीपासून सांगत आल्या आहेत.) नव्या सल्लागाराने हे समजावून सांगितले आणि जानेवारी २०१८ मध्ये मी नोंदणी केली. जी योजना आपल्या शहरात १९५४ सालीच सुरू झाली होती, ती माझ्या भटारखान्यात यायला इतकी वर्षे लागली.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण हॉटेलवाल्यांच्या बैठकीत सगळा वेळ तिच्यावरच जातो आणि माझ्या मते ती सर्वांत कमी महत्त्वाची आहे. मी आलो तेव्हा मालकाचा वाटा ४.७५ टक्के आणि कामगाराचा १.७५ टक्के होता. १ जुलै २०१९ पासून ते अनुक्रमे ३.२५ आणि ०.७५ टक्क्यांवर आले. आज विम्यात असलेल्या माझ्या बारा माणसांचा महिन्याचा पगार १,६८,००० रुपये होतो, त्यावर माझे ५,४६० रुपये आणि त्यांचे साधारण १,२६० रुपये पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलनाने भरले जातात. माझा वाटा म्हणजे १९ किलोच्या तीनेक सिलिंडरांचा खर्च. दिवसाला दोन वेळा भट्टी पेटवणाऱ्या माणसाने यावर रडू नये.

कामगारांची कुरकुर मात्र मी समजू शकतो. भांडी घासणाऱ्या आमच्या बाईंचा पगार १३,००० रुपये आहे. पहिल्यांदा त्यांच्या हाती पगारपत्रक दिले तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारले होते, ‘‘भाऊ, हे पैसे कशाचे कापले? मला तर कधी साधा तापही येत नाही.’’ आता दरमहा ९८ रुपये कापले जातात आणि त्या काही बोलत नाहीत, कारण मधल्या काळात त्यांच्या यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले आणि त्यासाठी त्यांना पदरचे काही घालावे लागले नाही.

खरी अडचण रकमेची नाही, रेषांची आहे. कायद्याने ज्या रेषा ओढल्या आहेत, त्या भोंग्यावर आत येणाऱ्या आणि भोंग्यावर बाहेर पडणाऱ्या गिरणी कामगाराला समोर ठेवून ओढलेल्या आहेत. आमचा धंदा नेमका त्याच जागी वळतो आणि रेषा त्याला कापून जाते. पहिली रेषा माणसांच्या संख्येची. माझ्या ओळखीत अशी हॉटेले आहेत, जिथे हजेरीपटावर कायम नऊच नावे असतात आणि बाकीचे चौघे ‘पार्टीच्या ऑर्डरपुरते’ आलेले असतात, मग ती पार्टी वर्षभर का चालेना. हा केवळ आपल्याकडचा चतुरपणा नव्हे. अमेरिकेत ५० किंवा अधिक पूर्णवेळ माणसे असलेल्या मालकावर आरोग्य विम्याची जबाबदारी येते आणि आठवड्याला ३० तास काम करणारा पूर्णवेळ धरला जातो. तिकडच्या एका हॉटेलात काम करणारा माझा भाचा सांगतो, की त्याचे तास दर आठवड्याला कुणीतरी मोजत असते. आपल्याकडे एकदा आत आलेल्याला मात्र बाहेरचा दरवाजा नाही. १९८९ साली कायद्यात घातलेल्या पोटकलमानुसार माणसे कमी झाली तरी नोंदणी कायम राहते. २०२० मध्ये आम्ही सहाजणांवर आलो होतो, तेव्हाही चलन चुकले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे दहा की वीस हा वाद तसा संपला आहे. हंगामी कारखाने सोडले, तर दहा माणसे असलेली कोणतीही आस्थापना आता आत येते. त्याआधी जुलै २०२५ मध्ये हा विमा चालवणाऱ्या महामंडळाने स्प्री नावाची योजना आणली होती, जिच्यात स्वतःहून नोंदणी करणाऱ्या मालकाला मागच्या काळातील वर्गणीचा जाब विचारला जाणार नव्हता. शेजारच्या दोन हॉटेलवाल्यांना मी तेव्हा अक्षरशः हात धरून बसवले. एकाने नोंदणी केली. दुसरा अजूनही नऊवरच आहे.

दुसरी रेषा पगाराची, आणि तिने मला अधिक छळले. आमच्या मुख्य आचाऱ्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझ्या वडिलांच्या हाताखालीही काम केलेले आहे. २०२२ च्या दिवाळीत मी त्यांचा पगार २०,५०० वरून २२,००० केला आणि स्वतःवरच खूश झालो. कामगार विम्याची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांची होती. मध्येच मर्यादा ओलांडली तरी चालू सहामाही संपेपर्यंत माणूस विम्यात राहतो, त्यामुळे मार्चअखेरपर्यंत काही जाणवले नाही आणि एप्रिलपासून काका वर्गणीबाहेर गेले. अठ्ठावन्न वर्षांचे वय आणि अंगात साखर, अशा माणसासाठी खासगी विमा शोधायला निघालो, तेव्हा वर्षाचा हप्ता ३१,००० रुपये निघाला. मी दिलेली वाढ वर्षाला १८,००० रुपयांची होती. म्हणजे ज्याला १५४ रुपये महिन्यात संरक्षण मिळत होते, त्याला मी बक्षीस देऊन उघड्यावर आणले होते. तो हप्ता आता भोजनालय भरते. परंतु काकांना मी हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, ‘‘मग वाढ कशाला दिली, बाबू?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता कावीळ. आमचा दुसरा आचारी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातला आहे. त्याची दोन एकर धानाची शेती असल्यामुळे तो वर्षातून दोनदा गावी जातो, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी आली की त्याचे मन भट्टीवर नसतेच. २०२३ साली तो मार्चच्या शेवटी गेला, तो रोवणी आटोपून २० जुलैला परतला. त्यानंतर त्याने एकही खाडा न करता काम केले, पुढच्या फेब्रुवारीत त्याचे डोळे पिवळे झाले आणि डॉक्टरांनी महिनाभराची विश्रांती लिहून दिली. त्याची वर्गणी चालू असल्याने उपचार मिळाले. आजारपणाच्या रोख लाभाचे गणित मात्र वेगळे होते. जानेवारी ते जून या काळात आजारी पडणाऱ्याचा हक्क आधीच्या एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीवरून ठरतो आणि तिच्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ऑक्टोबरपासून तो रोज कामावर होता, याला येथे काही किंमत नव्हती. जुलैचे १२, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ३० असे त्याचे ७३ दिवस भरले. पाच दिवस कमी.

त्याची रोजची मजुरी ५०० रुपये धरली, तर ७० टक्क्यांनी ३५० रुपये, आणि पहिले दोन दिवस वगळून २८ दिवसांचे ९,८०० रुपये त्याला मिळाले असते. त्याऐवजी मी उचल दिली, जी त्याने पुढच्या पाच महिन्यांत पगारातून फेडली, आणि ही गोष्ट मला त्या मुलाच्या भाजलेल्या हाताहून अधिक टोचली. तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता, असे निदान म्हणता येत होते. या वेळी नियम ठाऊक होता, हजेरीपट माझ्याच हातात होता आणि त्याला गावाहून पाच दिवस आधी बोलवायला एक फोन पुरला असता.

म्हणून तो लाल गोल. जुलै उजाडला, की मी सालेकशाला फोन लावतो. मागच्या वेळी पलीकडून पावसाचा आवाज येत होता आणि तो बांधावरूनच बोलत होता.

‘‘भाऊ, रोवणी अर्धीच झाली आहे. मजूर मिळत नाहीत.’’

‘‘पंधराच्या सकाळी हजेरी लागली पाहिजे. पोळ्याचे दोन दिवस मी भरपगारी धरीन, पण पंधरा तारीख सोडू नकोस.’’

‘‘सोळाला आलो तर?’’

मी दिनदर्शिकेकडे पाहिले, जरी पाहण्याची गरज नव्हती.

‘‘सोळाला आलास, तर सत्त्याहत्तर होतात.’’

थोडा वेळ नुसता पाऊसच ऐकू आला. मग तो म्हणाला, की चौदाच्या संध्याकाळची गाडी पकडतो, उरलेल्या बांधीचे बायको आणि भाऊ बघतील.