सहा ग्रॅम खारं पाणी

दुकानाचे दिवे लावते न लावते तोच म्हातारा आत आला आणि प्लास्टिकचा डबा काउंटरवर आपटून म्हणाला, "सहातले पाच मेले."

शनिवार, पहाटेचे पावणेपाच. 2024 चा नोव्हेंबर अर्ध्यावर आलेला, म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळीच.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, अ‍ॅस्बरी पार्कच्या थोडं वर, मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात मी चार वर्षं काम करते. ऑक्टोबर सरता सरता स्ट्राइप्ड बास हा मासा न्यू इंग्लंडकडून दक्षिणेला निघतो आणि बंकरच्या थव्यांमागून आमच्या वाळूला लागतो. बंकर म्हणजे तारलीसारखाच दिसणारा, पण वीतभराहून मोठा, तेलकट मासा. त्या सहा-सात आठवड्यांत इथली माणसं नोकरी, लग्न, पाठदुखी सगळं विसरून अंधारात कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. बरं, एवढं करून नेहमीच्या नियमाने दिवसाला एकच मासा घरी न्यायचा, तोही 28 ते 31 इंचांच्या मधला. विकायला तर या राज्यात बंदीच आहे. माझा नवरा पुण्याचा. त्याच्या लेखी मासे दोनच जातींचे, काट्यांचे आणि बिनकाट्यांचे. त्याला हे वेड समजावण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

म्हाताऱ्याच्या डब्यातले सहाही मासे नकली होते आणि त्यातले पाच बिघडवले होते मी.

दोन तुकड्यांचा, मध्ये कडीने जोडलेला पोकळ प्लास्टिकचा मासा, सात इंची. तोंडाखाली धातूची जीभ. ओढताना जीभ पाण्याला धरते, डोकं डावं-उजवं होतं आणि सांध्यामुळे शेपटीचा तुकडा मागून वेगळाच लचकतो. दमलेला बंकर असाच पोहतो. पाण्यात हा ल्युअर, म्हणजे आमिषाचा नकली मासा, देखणा, पण हवेत अगदी नालायक. फेकला की सांध्यात मुडपतो, गरगर फिरतो आणि समोरून वारा असला तर तीस पावलांवर पडतो. मासा असतो पन्नास पावलांवर. म्हणून त्याच्या पोटात वजन भरायचं. रेड फिन नावाच्या एका तुकड्याच्या ल्युअरला भोक पाडून त्यात पाणी किंवा छर्रे भरायची रीत इथल्या किनाऱ्यांवर फार जुनी आहे. जोडाच्या माशाला ती तितकी सोसत नाही. वजन पुढच्या तुकड्यात, अगदी तळाशी, पोटाच्या गळाच्या जरा पुढे बसावं लागतं. मागे सरकलं तर शेपूट मरते, आणि फार झालं तर जीभ कितीही धडपडली तरी डोकं हलत नाही.

हे मला दुकानात शिकावं लागलं नाही. मी वेंगुर्ल्याची. बाबा पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकायचे, आणि पागाच्या कडेला शिशाच्या किती गोळ्या ओवायच्या यावर घरात दोन-दोन दिवस वाद चालत. शिसं कमी पडलं तर पाग बुडायच्या आत मासा निसटतो, जास्त झालं तर पाग हवेत नीट उघडतच नाही. मालकाने पहिल्या वर्षी माझ्या हातात ड्रिल दिलं ते हा किस्सा ऐकूनच.

तर त्या सहांत मी प्रत्येकी तेरा ग्रॅम छर्रे एपॉक्सीत, म्हणजे वाळून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदात, बसवले होते. वहीत नोंद होती: रिकामा 30 ग्रॅम, भरून 43, सहाही एकसारखे. घमेल्यात ओढून पाहिलं तर छान पोहत होते. म्हाताऱ्याचं म्हणणं, पहिला दिवस उत्तम गेला, दुसऱ्या दिवसापासून एकेक करून कुशीवर पडू लागले. आज पहाटे तर नाक खाली घालून बुडालेच.

मी आधी वजनच बसताना कलंडलं असेल असं धरलं. तराजूवर ठेवला तर 49 भरला. दुसरा 48. तिसरा 49. सहावा, जो अजून नीट पोहत होता, तो बरोबर 43. पाचांच्या पोटात पाच-सहा ग्रॅम आले कुठून? कानाशी धरून हलवला. आत डुचमळत होतं.

आता म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. मी पाणी भरलंच नव्हतं. हे माझ्या घमेल्यातलं पाणी असेल तर चूक पहिल्या दिवसाची. पण मग पहिला दिवस उत्तम कसा गेला? मालक तोवर कॉफी घेऊन आला होता. त्याने काही न बोलता माझ्या हातातला ल्युअर घेतला, पोटाला बारीक भोक पाडलं, बोटावर थेंब घेतला आणि जिभेला लावला.

"खारट," म्हणाला, आणि पुन्हा कॉफी प्यायला लागला.

म्हणजे पाणी समुद्राचं. शिवण तडकली होती की माझं बूच गळत होतं? इथे मला कुडाळच्या एसटी स्टँडजवळचा पंक्चरवाला आठवला. मागच्या खोलीत बादलीभर कढत पाणी घेतलं आणि दुसरा ल्युअर सायकलच्या ट्यूबसारखा आत दाबला. आतली हवा तापून फुगली आणि पोटावरच्या एपॉक्सीच्या बरोबर मधोमध बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. तिसऱ्यालाही तीच, तिथेच. सहावा गप्प.

मग वहीत पुन्हा पाहिलं. पाच मी आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी रात्री केले होते. घाई होती, म्हणून एपॉक्सी लवकर वाळावं यासाठी टेबलावरचा दिवा त्यांच्यावर ओढून ठेवला होता. सहावा शुक्रवारी सकाळी केला, दिव्याशिवाय. दिव्याच्या उबेने पोकळीतली हवा फुगली, अर्धवट ओल्या एपॉक्सीतून तिने केसाएवढी वाट काढली आणि एपॉक्सी त्या वाटेसकट घट्ट झालं. घमेल्यात दहा-बारा फेऱ्यांत तेवढ्या भोकातून काही शिरत नाही. पण उबदार ट्रकमधून काढून गार समुद्रात टाकला की आतली हवा आकसते आणि पाणी चोखून घेते. वर दोन दिवसांच्या शेकडो फेकी. प्रत्येक फेकीला थेंब-दोन थेंब.

आणि सहा ग्रॅमच तर जादा झाले, मग कुशीवर का पडावा? कारण छर्रे जागेवर होते, पाणी मोकळं होतं. मासा जरा डावीकडे झुकला की पाणीही डावीकडे धावतं आणि त्याला आणखी झुकवतं. होडीच्या तळात साचलेलं पाणी हेच करतं; म्हणून तर बाबा मला पुढे बसवून कटोऱ्याने सतत उपसायला लावायचे. ही गोष्ट मला म्हाताऱ्याला सांगावीशी वाटली, पण त्याने विचारलं, "दुपारच्या ओहोटीला मिळतील का?"

पाचही पोटं पुन्हा सीलबंद करून एपॉक्सी सावकाश वाळू द्यायला रात्र हवी. म्हणून दुसरा मार्ग धरला. पाणी काढलं, केस वाळवायच्या यंत्राने आतून थंड हवा मारली, भोकात टूथपिक ठोकून इन्स्टंट ग्लू सोडला आणि टोक कापलं. टूथपिक आधी आणि ग्लू नंतर, त्यामुळे हवेला ढकलायला ओलं काही उरत नाही. हा सगळा उपद्व्याप पंधरा मिनिटांचा. गुरुवारी सुचला असता तर!

त्यातच म्हाताऱ्याने शेपटीचे तिहेरी गळ काढून एकेरी लावून मागितले. मासा सोडताना त्याची चिरफाड कमी होते. मागणी रास्त, पण त्याने शेपूट दीड ग्रॅमने हलकी झाली आणि सगळा तोल पुढे गेला. आता पोटातले छर्रे काही निघणार नव्हते. तेव्हा शेपटीच्या गळाच्या दांड्यावर सोल्डरच्या तारेचे वेढे घातले, बाहेरच्या बाहेर. नडलं तर किनाऱ्यावर उभ्या-उभ्या पक्कडीने काढता येतात.

पुन्हा चाचणी घ्यायची तर घमेल्यात नळाचं पाणी. समुद्राचं पाणी दोन-अडीच टक्के जड असतं. पंचेचाळीस मिलिलिटर जागा व्यापणाऱ्या माशाला तिथे एक ग्रॅमभर जादा उचल मिळते, आणि आम्ही तर अर्ध्या ग्रॅमच्या वेढ्यांसाठी भांडत होतो. मी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घातलं. मालकाने पिशवी उचलून किंमत वाचली आणि "लोणचं घालतेस का?" असं विचारलं. चार वर्षं मी हे का केलं नव्हतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. समुद्र दोनशे पावलांवर होता, बादली तरी भरून आणायची.

त्या पाण्यात पाचांपैकी चार सुरेख पोहले. पाचव्याची जीभच वाकडी निघाली, ती पक्कडीने सरळ केली तर जास्तच वाकडी झाली, म्हणून तो बाजूला ठेवला.

साडेतीनला मालक म्हणाला, "जा तूही, गल्ला मी बघतो." ओहोटी चालू होती, सूर्य मावळायला तासभर. या भागात 1990 नंतरच्या वर्षांत समुद्रातून उपसलेली वाळू किनाऱ्यावर इतकी ओतली आहे की जुने दगडी बांध अर्धेअधिक गाडले गेले आहेत. पाण्यात फक्त टोकं उरली आहेत. मासा त्या टोकांच्या आसपास फिरतो. म्हाताऱ्याने दुरुस्त केलेला पहिला फेकला. तो हवेत मुडपला नाही, शेपूट पुढे करून सरळ गेला. दोरीतून रॉडच्या टोकाला ती ठक-ठक येऊ लागली तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. या किनाऱ्यावरचा प्रत्येक म्हातारा कधी ना कधी 1982 ची अटलांटिक सिटीच्या बांधावरची रात्र ऐकवतो, अल मॅकरेनॉल्ड्सने साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा बास काढला ती. याने अर्ध्या तासात एकदाही तिचं नाव काढलं नाही, एवढा तो त्या ठक-ठकीत रमला होता.

दिवेलागणीला मासा लागला. पट्टीवर 34 इंच, म्हणजे सोडायचा. एकेरी गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता, एका झटक्यात निघाला. म्हाताऱ्याने माशाला शेपटीशी धरून लाटेत थोडा वेळ तोलला, आणि मासा आपणहून गेला.

मग त्याने सहावा लावला. जो मुळात कधी बिघडलाच नव्हता, तो. दुसऱ्याच फेकीत तो पाण्याखालच्या दगडात अडकला. त्याने दोरी सैल सोडली, बांधाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन ओढून पाहिलं, शिव्या दिल्या. दोरी तुटली.

"तुझा तेवढा एकच चांगला होता," तो म्हणाला.

सोमवारी त्याने आणखी सहांची ऑर्डर दिली. पावतीच्या खाली मालकाच्या अक्षरात लिहिलं होतं: दिवा नाही.